सेंद्रिय संयुगांचा प्रकाश

दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणारे अँथ्रासीन हे रंगांच्या उद्योगात फार पूर्वीपासून परिचित असलेले संयुग होय. केवळ कार्बन व हायड्रोजन यांनी बनलेला हा पदार्थ विजेचा दुर्वाहक मानला जातो. तथापि १९६३ साली न्यूयॉर्क विद्यापीठात मार्टिन पोप व त्यांचे सहकारी यांनी त्याच्या स्फटिकास सुमारे ४०० व्होल्टांचा विद्युत्‌दाब दिला, तेव्हा त्यातून निळसर प्रकाश बाहेर पडला. मात्र एवढा दाब मागणारा दिवा व्यवहारात निरुपयोगीच होता.

असा प्रकाश निर्माण होण्यासाठी पदार्थात एका बाजूने इलेक्ट्रॉन, तर दुसऱ्या बाजूने इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा, म्हणजे पोकळ्या, शिराव्या लागतात. त्या एकत्र आल्या की रेणू उत्तेजित होतो व मूळ स्थितीस परतताना जादा ऊर्जा प्रकाशरूपाने देतो. जाड स्फटिकात ही वाट फार लांबची असते.

१९८७ साली ईस्टमन कोडॅक कंपनीतील चिंग टँग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी हे काम दोन संयुगांत वाटून दिले. काचेवरील पारदर्शक वाहक लेपावर त्यांनी पोकळ्या वाहून नेणाऱ्या अमाइनाचा थर दिला आणि त्यावर इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या ॲल्युमिनियमयुक्त संयुगाचा. दोहोंची मिळून जाडी मिलिमीटरच्या सात हजाराव्या भागाहूनही कमी होती. थरांच्या सीमेजवळ दोन्ही प्रकारचे विद्युत्‌भार भेटत आणि १० व्होल्टांहून कमी दाबाने हिरवा प्रकाश मिळे. आजच्या दूरध्वनींच्या तेजस्वी पडद्यांचा पाया तो हाच.

तरीही मोठी हानी होत होती. अशा रीतीने उत्तेजित झालेल्या दर चार रेणूंपैकी सरासरीने एकच प्रकाश देई. उरलेल्या तिघांची ऊर्जा बहुतांशी उष्णतेत वाया जाई. १९९८ साली मार्क टॉम्पसन, स्टीफन फॉरेस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी सेंद्रिय रेणूत प्लॅटिनमचा अणू गुंफून ही वाया जाणारी ऊर्जाही तांबड्या प्रकाशात आणून दाखविली. पुढे इरिडियमच्या संयुगांनी तेच कार्य अधिक चांगले केले.

निळा रंग मात्र सहजासहजी वश झाला नाही. निळ्या प्रकाशाच्या कणाची ऊर्जा तांबड्या वा हिरव्या प्रकाशाच्या कणाहून अधिक असते. ती धारण करताना रेणूतील बंधच तुटू लागतात आणि दिव्याचे आयुष्य घटते. म्हणून पडद्यांतील निळ्या रंगासाठी जुन्याच, ऊर्जा वाया घालविणाऱ्या संयुगांवर दीर्घकाळ अवलंबून राहावे लागले. ज्या रंगाने या विद्येचा आरंभ झाला, त्याच रंगाने तिची सर्वांत कठीण परीक्षा घेतली आहे.