आधी ताट, मग गोळी

माझ्या दवाखान्यात एक तक्रार ठरलेली. मराठी घरातली बाई म्हणते, "पाळी थांबलीय," कानडी घरातली म्हणते, "मुट्टु निंतैति." सोबत सासूबाई असतात, आणि हवी असते ती गोळी. अलीकडे "हार्मोन तपासायचे का?" असेही विचारतात. मी मात्र सुनेला आधी वजनकाट्यावर उभी करते.

पाच फूट उंचीच्या बाईचे वजन ४३ किलोच्या खाली असेल, तर ती कुपोषित गणली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयोगटातील जवळजवळ १९ टक्के स्त्रिया या रेषेखाली होत्या.

अन्नाचा आणि पाळीचा संबंध काय? आपल्या अंगावरची चरबी लेप्टिन नावाचे हार्मोन तयार करते. त्याचा शोध १९९४ साली लागला. घरात किती साठा आहे, याची वर्दी ते मेंदूला देते. साठा आटला की मेंदू बीजांडकोशाला पाठवायचे हुकूम कमी करतो. मग इस्ट्रोजेन घटते, बीज तयार होत नाही, पाळी लांबते किंवा थांबते. थायरॉईडचे कामही मंदावते आणि ताणाचे कॉर्टिसॉल वाढते. म्हणजे शरीर बिघडलेले नसते, ते काटकसर करत असते.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, नेदरलँड्सच्या पश्चिम भागातला अन्नपुरवठा जर्मनांनी रोखला. माणशी रेशन दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेले. असंख्य बायकांची पाळी थांबली आणि नऊ महिन्यांनी जन्मसंख्या निम्म्याच्या आसपास घसरली. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला, अन्न आले, आणि पाळणे पुन्हा हलू लागले. त्या बायकांना कुणी वांझ म्हटले असेल, असे मला वाटत नाही. आपल्याकडे मात्र दोन वर्षांत दुसऱ्या लग्नाची कुजबुज सुरू होते.

हडकुळ्या बाईची पाळी थांबतेच, असेही नाही. वर्षानुवर्षे अर्धपोटी राहिलेल्या बऱ्याच जणींची पाळी येत राहते, मुलेही होतात. "तिला काय धाड भरलीय?" म्हणून घर निश्चिंत राहते, आणि बाळ कमी वजनाचे जन्मते.

हार्मोनच्या गोळ्यांनी महिन्याला रक्तस्राव होतो, घरची मंडळी खूश होतात. पण ती पाळी गोळीची असते, बीजांडकोशाची नव्हे. शरीराची भूक आहे तिथेच राहते. इस्ट्रोजेन कमी राहिले की हाडेही झिजतात.

सगळ्यांचे जेवण झाल्यावर उरलेली भाकरी आणि आमटीचे पाणी, त्यात गुरुवार, संकष्टी, श्रावण. नाचणीची आंबील, हुलग्याचे माडगे, शेंगदाण्याची चटणी, चालत असेल तर अंडे, हे आपल्या घरात असतेच. तिच्या ताटात नसते. कर्नाटकात २०१७ साली मातृपूर्ण योजना सुरू झाली आणि गरोदर व बाळंत स्त्रियांना अंगणवाडीत गरम जेवणाची सोय झाली. पण ती दिवस गेल्यानंतर. त्याआधीचे ताट घरानेच वाढायचे.

तीन महिने पाळी आली नाही तर प्रथम गर्भ आहे का ते पाहावे. मग वजन, हिमोग्लोबिन, थायरॉईड. वजन व्यवस्थित असूनही पाळी चुकत असेल तर कारण निराळे शोधावे लागते. आणि वजन कमी निघाले, तर ते भरून आल्यावरही पाळी सुरळीत व्हायला काही महिने लागतात. तेवढा धीर सासूबाईंनी धरावा.