करकरणारी लाकडी जमीन : आवाज बंद करण्यापूर्वी कारण शोधणे आवश्यक

पुणे-नाशिक परिसरातील जुन्या वाड्यांच्या फळ्यांच्या माडीवर एप्रिल-मे महिन्यांत पाऊल टाकले की जमीन करकरते. त्याच फळ्या श्रावणात बहुधा गप्प असतात. शिमल्यातील देवदारी बंगल्यांत हा आवाज हिवाळ्यात, खोली तापवणारी उपकरणे सुरू झाली की वाढतो. मुंबई किंवा बडोद्यातील नव्या सदनिकेत मात्र लॅमिनेटची जमीन घातल्यानंतर काही महिन्यांतच कुरकुर सुरू झाल्याची तक्रार ऐकू येते. आवाज सर्वत्र सारखाच वाटला तरी त्याची कारणे भिन्न असतात आणि उपायही भिन्न असतात. काही वेळा हा आवाज केवळ त्रासदायक असतो, तर काही वेळा तो खालची तुळई खचत असल्याची पहिली सूचना असते. त्यामुळे स्क्रू हाती घेण्यापूर्वी आवाज नेमका कशाचा आहे, हे ठरविणे महत्त्वाचे ठरते.

लाकूड स्वतः करकरत नाही. सैल झालेले दोन भाग एकमेकांवर घासले की आवाज होतो. पाऊल पडताच फळी किंचित वाकते. तिची कड शेजारच्या फळीला, खालच्या कडीला किंवा खिळ्याच्या दांड्याला घासते. हे घासणे सलग नसते. दोन पृष्ठभाग क्षणभर एकमेकांना चिकटून राहतात, ताण वाढला की निसटतात आणि पुन्हा चिकटतात. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेव्हा हेच घडते. फरक इतकाच की तेथे वादकाचा हात असतो. जपानमधील क्योतो येथील निजो किल्ल्याच्या महालात चालताना पक्ष्यासारखा आवाज करणारे मार्गिकांचे लाकडी तळ प्रसिद्ध आहेत. परक्या माणसाची चाहूल लागावी म्हणून ते मुद्दाम तसे बांधल्याची आख्यायिका सांगितली जाते. फळ्या धरून ठेवणारे लोखंडी आकडे आणि खिळे कालांतराने सैल होऊन घासू लागल्याने हा आवाज येतो, असेही स्पष्टीकरण दिले जाते. घरातील करकरीचे मूळही याच सैलपणात असते.

हा सैलपणा मुख्यतः हवेतील दमटपणाच्या चढउतारातून येतो. कापून, वाळवून, रंगरोगण केलेले लाकूडही हवेतील ओलावा घेत आणि सोडत राहते. सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेत दीर्घकाळ राहिलेल्या लाकडातील ओलावा साधारण १६ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. हवा कोरडी होऊन आर्द्रता ५० टक्क्यांवर आली की तो सुमारे ९ टक्क्यांपर्यंत उतरतो. या फरकाने फळीची लांबी जवळपास बदलत नाही. रुंदी मात्र बदलते. खोडातील वलयांना समांतर कापलेली, १०० मिलिमीटर रुंदीची सागवानी फळी एवढ्या बदलात एक मिलिमीटरहून थोडी अधिक आक्रसते. वलयांना काटकोनात कापलेली फळी त्याच्या जवळपास निम्मीच आक्रसते. जुने सुतार वलये पाहून फळ्या निवडत, त्यामागे हे कारण होते. साग हे तुलनेने शांत लाकूड आहे. ओकसारखी लाकडे याहून अधिक हालतात.

एक मिलिमीटर ही नगण्य बाब वाटू शकते. परंतु खिळा फळीला केवळ घर्षणाने धरून ठेवतो. दरवर्षी फुगण्या-आक्रसण्याने त्याच्याभोवतीची पकड ढिली होते आणि फळी त्याच दांड्यावर वर-खाली सरकू लागते. म्हणूनच नवा खिळा ठोकून मिळालेली शांतता सहसा एखाद-दुसरे वर्षच टिकते. स्क्रूचे आटे लाकडात रुतून बसतात, त्यामुळे तेथे स्क्रूच वापरणे इष्ट.

उन्हाळ्यात येणारा आणि पावसाळ्यात नाहीसा होणारा आवाज बहुधा निरुपद्रवी असतो. ऋतू न पाहता वाढत जाणारा आवाज मात्र गांभीर्याने घ्यावा लागतो. पावलाखाली जमीन झुलणे, चालताना कपाटातील भांडी किणकिणणे, गोटी ठेवल्यास ती नेहमी एकाच कोपऱ्याकडे घरंगळणे, ही आधार कमजोर झाल्याची लक्षणे आहेत. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी, आणि खाली पिठासारखी भुकटी पडलेली आढळली तर लाकूड पोखरणारा भुंगा असण्याची शक्यता असते. वाळवी लाकडाचा पृष्ठभाग शाबूत ठेवून आतून पोखरते. म्हणून डोळ्यांनी पाहणे पुरेसे नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला, किंवा त्याचे टोक सहज आत गेले, तर ते लाकूड भार पेलण्यास योग्य राहिलेले नाही, असे समजावे.

सर्वाधिक धोका तुळईच्या टोकाला असतो. हे टोक भिंतीत गाडलेले असल्याने दिसत नाही आणि त्याला वाराही लागत नाही. शेजारी मोरी किंवा शौचालय असेल आणि नळाची गळती मुरत असेल तर तेथील लाकडातील ओलावा सतत २० टक्क्यांच्या वर राहतो आणि लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला पोषक स्थिती मिळते. मुंबई शहरातील ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींपैकी अनेकांचे मजले अशाच लाकडी तुळयांवर उभे आहेत. या इमारतींचे पावसाळ्यापूर्वी सर्वेक्षण करून अतिधोकादायक इमारतींची यादी म्हाडाचे इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ दरवर्षी जाहीर करते. अशा घरात जमीन झुलत असेल तर फळीवर स्क्रू मारून किंवा वर नवी लादी बसवून घेणे हा उपाय नाही. नवी लादी तर भार वाढविते. तेथे मंडळाला कळविणे आणि संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे, हेच योग्य. वरचा आवाज बंद झाला म्हणून खालची तुळई सावरत नाही.

आधार भक्कम असल्याची खात्री पटल्यावर दुरुस्ती फारशी अवघड नाही. प्रथम एकाने वर सावकाश चालावे आणि दुसऱ्याने खालून कान द्यावा. खालचे घर दुसऱ्याचे असेल तर गुडघ्यावर बसून तळहाताने दाब देत फळी तपासावी. आवाजाच्या जागी खडूने खूण करावी. दोन फळ्यांच्या कडा एकमेकींना घासत असतील तर फटीत टाल्कम पावडर किंवा ग्रॅफाइटची पूड ब्रशने भरणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. तो कायमचा नाही, पण स्वस्त आहे. काही जण फटीत खोबरेल किंवा यंत्राचे तेल सोडतात, ते टाळावे. तेलाचे डाग लाकडात उतरतात, त्यावर धूळ बसते आणि पुढे पॉलिश धरत नाही.

फळी कडीपासून सुटली असेल तर तिला पुन्हा आवळावे लागते. जुन्या खिळ्यांच्या ओळीवरून खाली कडी कोठे आहे, याचा अंदाज येतो. तेथे आधी स्क्रूपेक्षा बारीक छिद्र पाडावे, अन्यथा जुने, वाळलेले सागवान चिरण्याची भीती असते. फळीतील छिद्र स्क्रूच्या जाडीइतके मोकळे आणि कडीतील छिद्र बारीक ठेवले की फळी खाली ओढली जाते. छिद्राचे तोंड थोडे रुंद करून स्क्रूचे डोके आत बसवावे आणि वर त्याच लाकडाची गुटी लावावी. फळीखालून विजेच्या तारा किंवा पाण्याची नळी गेली आहे का, हे छिद्र पाडण्यापूर्वी पाहणे अत्यावश्यक आहे.

खालून हात पोहोचत असेल तर फळी आणि कडी यांच्यातील फटीत सरस लावलेली पातळ पाचर सरकविता येते. ती बोटांनी दाबून घट्ट बसेल एवढीच असावी. हातोडीने ठोकून बसविल्यास फळी वर उचलली जाते, शेजारची सुटते आणि करकर एका फळीवरून दुसरीवर जाते. सुतारकामात नवख्या माणसाची ही नेहमीची चूक. सागाच्या अंगात नैसर्गिक तेल असल्याने सरस नीट धरत नाही. तेथील पृष्ठभाग आधी घासून पुसून घ्यावा.

दुरुस्तीसाठी ऋतूची निवडही महत्त्वाची आहे. फळ्या आवळण्याचे काम कोरड्या दिवसांत करावे, कारण त्या वेळी सैलपणा पुरता उघड झालेला असतो. त्याच दिवसांत रुंदावलेल्या फटी मात्र कडक पुट्टीने बुजवू नयेत. पावसाळ्यात फळ्या फुगल्या की त्यांना सरकायला जागा उरत नाही आणि जमीन मधोमध उचलली जाते.

नव्या सदनिकांतील लॅमिनेटचा प्रकार याहून वेगळा आहे. ही जमीन खाली कोठेही ठोकलेली नसते. खाचांनी जोडलेल्या पट्ट्या पातळ फोमवर तरंगत असतात. तिला स्क्रूने काँक्रीटला जखडणे म्हणजे बिघाड ओढवून घेणे होय. तेथे आवाजाची कारणे बहुधा दोनच असतात. एक म्हणजे खालचा तळ सपाट नसणे. दोन मीटरची सरळ पट्टी ठेवल्यावर तीन मिलिमीटरहून अधिक खोलगट जागा आढळली तर पट्टी तेथे दबते आणि खाच घासते. दुसरे, भिंतीलगत ८ ते १० मिलिमीटरची मोकळी फट न सोडणे. ही फट स्कर्टिंगखाली झाकली जाते, त्यामुळे घाईत असलेला कारागीर ती वगळतो आणि ग्राहकाला ते कळत नाही. स्कर्टिंग बसविण्यापूर्वी ती स्वतः पाहून घेणे श्रेयस्कर. पट्ट्यांची खोकी बसविण्याआधी ४८ तास त्याच खोलीत ठेवावीत. नव्या काँक्रीटला पुरते सुकण्यास महिने लागतात. त्यावर पॉलिथिनचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून २४ तासांनी खाली दव जमले आहे का, हे पाहिल्यास ओलाव्याचा ढोबळ अंदाज येतो.

खऱ्या लाकडाची जमीन नव्याने करावयाची असल्यास लाकडातील ओलावा मीटरने मोजून घ्यावा. भारतीय मानक आयएस २८७ मध्ये हवामानानुसार देशाचे चार विभाग करून प्रत्येकासाठी लाकडातील ओलाव्याच्या मर्यादा दिल्या आहेत. कोकणच्या हवेत मुरलेले लाकूड थेट दिल्लीत किंवा नागपुरात बसविले तर पहिल्याच उन्हाळ्यात फटी पडतात. त्यामुळे वखारीत फळी निवडताना सुतारासोबत ओलावा मोजणारे मीटरही न्यावे आणि फळीच्या टोकाऐवजी मध्यभागी मोजणी घ्यावी. टोके आधी वाळतात आणि फसवा आकडा दाखवितात.