नोहाच्या आधीचा महापूर

3 डिसेंबर 1872. लंडनमध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या उपस्थितीत जॉर्ज स्मिथ यांनी निनवे येथे सापडलेल्या एका मातीच्या पाटीचे वाचन केले. एकेकाळी नोटांचे छापे कोरणाऱ्या या माणसाने कीलाकार लिपी स्वतःच्या हिमतीवर आत्मसात केली होती. पाटी होती प्राचीन ‘गिल्गामेश’ महाकाव्यातली अकरावी; तिच्यात महापुराची कथा होती. एआ देव उतनपिश्तिम या माणसाला नौका बांधायला सांगतो, ती डोंगरावर टेकते, मग कबुतर, पाकोळी आणि कावळा सोडले जातात. कावळा परतत नाही, म्हणजे जमीन उघडी पडली. बायबलमध्ये नोहा आधी कावळा सोडतो, मग कबुतर. इतके बारकावे जुळणे योगायोग म्हणता येणार नाही.

खरा फरक कारणात आहे. बायबलचा देव माणसाच्या पापाने व्यथित होतो. त्याहून जुन्या ‘अत्राहासिस’ काव्यातल्या एनलिल देवाची मात्र माणसांच्या कोलाहलाने झोप उडते! पुरानंतर भुकेले देव होमाभोवती माश्यांसारखे गोळा होतात. इतके धीट चित्र बायबलमध्ये नाही.

अफाट आयुष्येही दोन्हीकडे आढळतात. सुमेरी राजावलीतला एरिदूचा पहिला राजा अलुलिम 28,800 वर्षे राज्य करतो. त्यापुढे बायबलमधल्या मथुशलहचे 969 वर्षांचे आयुष्य अल्पच.

अक्कडच्या सारगॉन राजाची जन्मकथाही अशीच. आई त्याला डांबर लावलेल्या बोरूच्या टोपलीतून नदीत सोडते आणि पाणी भरणारा अक्की त्याला वाढवतो. बायबलमधल्या मोशेची टोपली आठवतेच. सारगॉन इ.स.पू. 24व्या-23व्या शतकांतला असला, तरी या कथेच्या उपलब्ध प्रती त्याच्यानंतर कित्येक शतकांनी लिहिलेल्या आहेत. त्यामुळे कोणी कोणाकडून घेतले, हे इथे पुराच्या कथेइतके सरळ नाही.