काटा बरोबर, वजन चूक : दोष कोठे?

नेरळ स्थानकात दोन मापांचे रूळ आहेत. मुंबई-पुणे मार्गाचा रूळ पाच फूट सहा इंच रुंद, तर माथेरानच्या गाडीचा अवघा दोन फूट. हा छोटा मार्ग सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने १९०४ ते १९०७ या काळात उभा राहिला. मोठ्या डब्यातील पोते छोट्या डब्यात न्यायचे तर हमालाने ते उतरवून पुन्हा भरलेच पाहिजे. दुकानातील संगणकाला वजनकाटा जोडला की तेथेही असाच एक हमाल लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. हा एक छोटा प्रोग्राम असतो. तो चुकला तर काटा अचूक असूनही बिल चुकते.

कसे ते पाहू. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढाच आकडा मावतो. माथेरानच्या बाजारात १२५० ग्रॅम चिक्की तोलली, तर काटा ४ आणि २२६ असे दोन बाइट पाठवील. चार गुणिले २५६, अधिक २२६, म्हणजे १२५०. हेच बाइट उलट वाचले तर वजन होते ५७ किलो ८६० ग्रॅम!

उलट वाचण्याचे कारण साधे आहे. 'पंचवीस' म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो, पण लिहिताना दोन आधी लिहितो. चिपांतही अशाच दोन रीती आहेत. इंटेलची चिप लहान बाइट आधी ठेवते, मोटोरोलाची ६८००० मोठा आधी. पुण्याच्या सी-डॅकचा १९९१ चा परम ८००० ज्या ट्रान्सप्युटर चिपांवर होता, त्या लहान बाइट आधी ठेवीत. त्यानंतरचा परम ९००० स्पार्क चिपांवर होता, त्या मोठा आधी ठेवीत.

दुसरा घोटाळा रुंदीचा. डॉसच्या काळात सी भाषेतील 'इंट' दोन बाइटांचा असे. त्यात ३२,७६७ च्या पुढचा आकडा मावत नाही. ३३ किलोचे पोते ग्रॅममध्ये मोजले तर उत्तर उणे ३२,५३६ येते. आज 'इंट' बहुधा चार बाइटांचा असतो. पण 'लाँग' ६४ बिटांच्या विंडोजवर चार बाइटांचा आणि लिनक्सवर आठ बाइटांचा. म्हणून १९९९ च्या सी प्रमाणकाने नेमक्या रुंदीची नावे दिली. ती वापरली की आकड्याची रुंदी संगणकागणिक बदलत नाही.

कर्जत, खोपोली, माथेरानच्या व्यापारी बांधवांना आमचे सांगणे एवढेच. नवा संगणक घेतला की रिकाम्या काट्यावर भरवसा ठेवू नका. शून्य उलटे वाचले तरी शून्यच राहते. एक किलो, पाच किलो आणि काटा पेलत असेल तर ३३ किलोच्या वर वजन ठेवून पडद्यावरचा आकडा ताडून पाहा. प्रोग्राम लिहिणाऱ्याला विचारा, बाइटांचा क्रम आणि आकड्यांची रुंदी त्याने स्पष्ट लिहिली आहे काय? शक्य असेल तर वजन साध्या अक्षरी अंकांत पाठवणारा काटा घ्या. त्यात १, २, ५, ० असे अंक एकापाठोपाठ येतात, बाइटांच्या क्रमाचा प्रश्नच उरत नाही.

चूक यंत्राची असली तरी गिऱ्हाईक जाब दुकानदारालाच विचारते. अर्ध्या तासाची ही तपासणी पेढीची पत राखील.