समरूप भिन्नार्थी शब्द
समरूप भिन्नार्थी शब्द : उच्चारात वा लेखनात सारखे दिसणारे, परंतु परस्परांशी वंशसंबंध नसलेल्या भाषांत निरनिराळे अर्थ असणारे शब्द. भाषेतील ध्वनी मोजके व शब्द हजारो असल्याने, विशेषतः एक-दोन अक्षरी शब्दांत, असे योगायोग टळत नाहीत. चंद्रपूर व त्यातून १९८२ मध्ये वेगळा झालेला गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत इंडो-आर्य कुलातील मराठी आणि द्राविडी कुलातील गोंडी (माडिया बोलीसह) शेजारी नांदतात. दक्षिणेस सिरोंचा भागात तेलुगूही बोलली जाते. त्यामुळे अशी उदाहरणे येथे नित्याच्या व्यवहारात आढळतात.

मराठीत ‘पाल’ म्हणजे भिंतीवरील सरपटणारा प्राणी, तसेच कापडी तंबू. गोंडीत ‘पाल’ म्हणजे दूध (तेलुगू ‘पालु’). मराठी ‘काल’ गतदिवस सांगतो, गोंडी ‘काल’ पाय. मराठीत चंद्राची वा भाकरीची असते ती ‘कोर’, गोंडीत कोंबडी. ‘नार’ मराठीत स्त्री, गोंडीत गाव. तमिळनाडू या नावातील ‘नाडु’ हा त्याचा सगोत्र शब्द होय. घरी केवळ गोंडी ऐकलेल्या मुलापुढे पहिल्या इयत्तेत पालीचे चित्र येते, किंवा दवाखान्यात ‘कालपासून दुखते का’ असा प्रश्न येतो, तेव्हा शब्द अनोळखी नसतो. म्हणूनच चूक लवकर ध्यानात येत नाही. अपरिचित शब्दाचा अर्थ निदान विचारला तरी जातो.

केवळ रूपसाम्यावरून व्युत्पत्ती लावण्याचा मोहही असाच फसवा, आणि ग्रामनामांच्या बाबतीत तो फार बोकाळलेला आहे. गोवळकोंडा या नावात धान्याचा कोंडा शोधणे व्यर्थ. तेथील ‘कोंड’ हा टेकडी या अर्थाचा तेलुगू शब्द आहे. शब्दांचे नाते एखाद्या जोडीवरून नव्हे, तर अनेक शब्दांत नियमाने आढळणाऱ्या ध्वनिसंवादांवरून ठरते. टी. बरो व एम. बी. एमेनो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश (१९६१, दुसरी आवृत्ती १९८४) याच पद्धतीवर उभा आहे. गंमत अशी, की मराठी ‘पाल’ (प्राणी) हा संस्कृत ‘पल्ली’वरून आला असून त्याचे मूळ द्राविडी मानले जाते (तमिळ ‘पल्लि’, तेलुगू ‘बल्लि’). म्हणजे गोंडी ‘पाल’शी त्याचे रूप तंतोतंत जुळते, पण नाते नाही, तेलुगू ‘बल्लि’शी रूप जुळत नाही, पण नाते आहे.

याच्या उलट प्रकारही लक्षणीय आहे. गोंडीत ‘पेन’ म्हणजे देव. लेखणीसाठी मराठीने इंग्रजीतून घेतलेल्या ‘पेन’शी त्याचा काहीही संबंध नाही, मात्र तमिळ ‘पेय्’ हा त्याचा सगोत्र शब्द असून त्याचा अर्थ पिशाच असा आहे.