मेंदूच्या करड्या पटलातला ठिपका

एमआरआयच्या पडद्यावर मेंदूच्या करड्या पटलात मटाराच्या दाण्याएवढं एक काळं भोक दिसतं, आणि त्या भोकात एका कडेला सरकलेला बारीक ठिपका. हे डोकं आहे. चार चूषक आणि आकड्यांचं दुहेरी कडं असलेलं, फीतकृमीच्या अळीचं डोकं! ते दिसलं की रेडिओलॉजिस्टला फार विचार करावा लागत नाही: न्यूरोसिस्टिसर्कोसिस.

कृमीचं नाव टीनिया सोलियम. डुकराचं मांस कच्चं राहिलं तर तो आतड्यात मुक्काम करतो. मेंदूतल्या अळ्या मात्र येतात त्याच्या अंड्यांतून, आणि अंडी पोटात जातात ती कृमी बाळगणाऱ्या माणसाच्या विष्ठेने दूषित झालेल्या हातांतून, पाण्यातून, कच्च्या भाजीतून. म्हणून जन्मात मांसाला न शिवलेल्या माणसालाही हा आजार गाठतो. १९९०च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या, डुक्कर वर्ज्य असलेल्या सनातनी ज्यू कुटुंबांतही रुग्ण निघाले होते.

जिवंत अळी बहुधा शांत असते. शरीराच्या पहारेकऱ्यांना चकवत ती वर्षानुवर्षं राहते. तिच्या पिशवीतलं पाणी मेंदूभोवतीच्या पाण्यासारखंच नितळ असतं. एमआरआयची 'फ्लेअर' ही पद्धत अशा नितळ पाण्याचा संकेत दाबून टाकते, म्हणून पिशवी काळी आणि आत डोकं तेवढं उजळ. अळी मरू लागली की पाण्यात प्रथिनं मिसळतात, ते गढूळतं; आता फ्लेअरला ते दाबता येत नाही आणि पिशवी उजळते. भोवती सूज चढते, गॅडोलिनियम या उठाव देणाऱ्या द्रव्याचं इंजेक्शन दिल्यावर कडेने अंगठी चमकते. रुग्णाला फिट येते ती बहुतेकदा याच सुमारास. इतकी वर्षं जी गप्प होती, तिच्या मरणाचा हा गोंधळ!

अंगठी क्षयाच्या गाठीचीही असू शकते, आणि आपल्याकडे हाच मोठा पेच. एकेकाळी फिटनंतर दिसलेल्या अशा एकुलत्या गाठीला सर्रास क्षय समजून औषधं दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या न्यूरोसर्जननी त्या काढून तपासल्या, तेव्हा बहुतेकांत सिस्टिसर्कस, म्हणजे हीच अळी, निघाली. आज एमआर स्पेक्ट्रोस्कोपी गाठ न उघडता तिच्यातली रसायनं पारखते. क्षयाच्या गाठीत तिच्या आलेखावर चरबीचं टोक उंच उठतं. तरी निकाल एकट्या आलेखावर लागत नाही.

मेंदूच्या पोकळीत तरंगणारी पिशवी त्याहून लबाड. पाण्यात पाणी, आणि मधला पडदा अगदी झिरझिरीत. नेहमीच्या चित्रांत ती सहज निसटते. मग 'सिस' किंवा 'फिएस्टा' ही बारीक कापांची पद्धत लावतात (नावं यंत्राच्या कंपनीनुसार बदलतात). तिच्यात पाणी शुभ्र आणि पडद्याची रेघ काळी उमटते. पिशवीने वाट अडवली तर पाणी तुंबून जीव धोक्यात येतो. जागा नेमकी कळली, तर सर्जन दुर्बिणीतून ती बाहेर काढू शकतो.

मेलेल्या अळीचा शेवटी कॅल्शियमचा खडा होतो. नेहमीच्या एमआरआयला तो धड दिसत नाही. त्यासाठी साधा सीटी स्कॅनच बरा.