ग्राहकाचं कार्ड आणि न जाणण्याची जबाबदारी

आजचा विषय अगदी व्यवहारातला आहे. घरगुती मसाले, देवगडचा हापूस, दिवाळीचा फराळ विकणारी छोटी दुकानं आता वेबसाइटवर आली आहेत. फराळाचे डबे तर पार अमेरिकेला जातात. गिऱ्हाईक म्हणतं, कार्डाने पैसे देतो. मग त्याच्या कार्डाची माहिती आपण सुरक्षित घ्यायची कशी? आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो : पैसे घ्यायचे, माहिती घ्यायची नाही. हे कसं जमतं, ते आता टप्प्याटप्प्याने पाहू.

कार्डावर कामाच्या तीन गोष्टी असतात. लांबलचक नंबर, मुदतीची तारीख आणि सीव्हीव्ही. भारतातल्या कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना यावर आणखी एक पडताळणी लागते. रिझर्व्ह बँकेने ती ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली, आणि आज ती बहुधा ओटीपीच्या रूपात आपल्याला भेटते. पण परदेशातल्या कार्डाला ओटीपी लागेलच असं नाही. तिथे या तीन गोष्टी म्हणजे जवळजवळ सही केलेला कोरा चेक.

आता असा चेक दुसऱ्याचा असेल तर? ठेवीचा विचार आपल्याकडे जुना आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात ‘उपनिधी’ येतो. आत काय आहे ते न सांगता, बंद करून दुसऱ्याच्या हाती दिलेली वस्तू म्हणजे उपनिधी. उघड, मोजून दिलेली ठेव म्हणजे ‘निक्षेप’. टीकाकारांनी हा फरक नीट मांडला आहे. आपल्याला तो आज फार उपयोगी पडतो, कारण वेबसाइटवर कार्ड घेण्याच्या तीन रीती आहेत.

पहिली रीत निक्षेपाची. फॉर्म आपला, नंबर आपल्याच सर्व्हरवर येतो. व्हिसा, मास्टरकार्ड वगैरेंनी मिळून २००४ साली पीसीआय डीएसएस नावाचे नियम आणले. नंबर आपल्याकडे आला, की त्यांचा बहुतेक सगळा भार आपल्यावर येतो. त्यातला एक नियम तर पाठच करा : व्यवहार मंजूर झाल्यावर सीव्हीव्ही साठवायचा नाही, सांकेतिक रूपातसुद्धा नाही. वहीत किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर नंबर लिहून घेणं हाही निक्षेपच, आणि सगळ्यात वाईट.

दुसरी रीत उपनिधीची. पान आपलं दिसतं, पण नंबर भरायच्या चौकटी पेमेंट गेटवेच्या असतात. त्यात लिहिलेलं थेट गेटवेकडे जातं. तिसऱ्या रीतीत गिऱ्हाईक गेटवेच्या पानावरच जातं, किंवा आपण त्याला पेमेंट लिंक पाठवतो. म्हणजे गाठोडं आपल्या हातातही येत नाही. छोट्या दुकानाला आमच्या मते हीच बरी. फक्त ‘आता तुम्ही पेमेंटच्या पानावर जाल’ असं आधी लिहा, नाहीतर माणूस बिचकतो. आणि गेटवे निवडताना त्या कंपनीला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे ना, ते आधी तपासा.

कुणी म्हणेल, आमच्या साइटवर कुलपाचं चिन्ह आहे की! ते कुलूप फक्त वाटेचं आहे. वाटेत कुणी वाचत नाही, इतकाच त्याचा अर्थ. दुकानातच चोर शिरला तर? २०१८ साली ब्रिटिश एअरवेजच्या पेमेंटच्या पानात चोरांनी आपला थोडासा कोड घुसवला. ग्राहक माहिती कंपनीला देत होते, आणि त्याच क्षणी ती चोरांकडेही जात होती. चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली. चाचणीसाठीची एक सोय चालूच राहिली होती, त्यामुळे कार्डांची माहिती नोंदींच्या फायलींमध्ये उघडी साठत होती. कुणी मुद्दाम साठवली नव्हती, पण साठली. चार लाखांहून जास्त लोकांच्या माहितीला झळ बसली. ऑक्टोबर २०२० मध्ये दोन कोटी पौंडांचा दंड झाला.

‘माझं काय जातंय, नेहमीच्या गिऱ्हाइकाचा नंबर जपून ठेवतो’ हा विचारही आता चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतात दुकानदाराला कार्डाचा नंबर साठवता येत नाही. त्याऐवजी टोकन वापरतात. टोकन म्हणजे नंबराच्या जागी आलेली खूण. ती त्या कार्डापुरती आणि त्या दुकानापुरतीच चालते. चोरली, तरी दुसऱ्या दुकानात कामाची नाही. ओळख पटायला शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव ठेवता येतं, तेवढं पुरतं.

इथे आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना एक शंका येते. न जाणणं म्हणजे जबाबदारी टाळणं तर नव्हे? एरवी आपण म्हणतो, जाणता माणूस तोच जबाबदार. पण इथे दुसऱ्याचं गुपित जाणून आपण त्याचं काहीच भलं करत नाही, फक्त ते फुटण्याची आणखी एक जागा तयार करतो. म्हणून जाणायचं नाही, हे आधी ठरवणं हीच जबाबदारी. आणि ती तिथे संपत नाही. चोराने आपल्या पानावरून गिऱ्हाइकाला खोट्या पेमेंटच्या पानावर नेलं, तर गेटवे काय करणार? म्हणून साइटचा पासवर्ड भक्कम हवा, लॉगिनला दुहेरी पडताळणी हवी, प्लगइन वेळच्या वेळी अपडेट करायला हवेत, आणि पेमेंटच्या पानावर नको ते कोड ठेवायला नकोत.

यातलं सर्वांत अवघड काम मात्र माणसांशी वागण्याचं आहे. एखाद्या मावशी विश्वासाने कार्डाचा फोटोच पाठवतात. लगेच पुसून टाका, फोनच्या गॅलरीतून आणि बॅकअपमधूनसुद्धा. मग सांगा, ‘मावशी, हा नंबर मलाही देऊ नका. लिंक पाठवतो, तिथे भरा.’ त्यांना क्षणभर वाईट वाटेल, पण त्यांनी टाकलेला विश्वास पाळायचा तर असंच वागायला हवं.

काही प्रश्न असतील तर आता घेऊ या.